गोष्टी सगळ्या पाठ, पण मैफलीत मन रमत नाही

पत्राचा गोषवारा :

पत्रलेखिका चाळिशीच्या आहेत, बँकेत नोकरी करतात. घरात गाणं-बजावणं कधीच नव्हतं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी गोविंदराव टेंबे यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ हातात ठेवलं आणि तिथून गायक-वादकांची चरित्रं, आत्मचरित्रं, आठवणी वाचायचं वेडच लागलं. आता घरात एक अख्खं कपाट भरलंय. कोण कुणाचा गंडाबंध शागीर्द (गुरूने गंडा बांधून विधिवत केलेला शिष्य), कोणी कुणाला भर बैठकीत काय सुनावलं, कुणाचा आवाज कसा गेला आणि कसा परत आला, सगळं तोंडपाठ. ओळखीतले लोक त्यांना गाण्यातल्या जाणकार समजतात. पण प्रत्यक्ष मैफलीत विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं रागगायन, सुरू झाला की दहा-पंधरा मिनिटांत मन भरकटतं. राग ओळखता येत नाही. शेजारचे ‘क्या बात है’ म्हणतात तेव्हा नेमकं काय घडलं ते कळत नाही. ‘मला गाणं आवडतच नाही, फक्त गाणाऱ्यांच्या गोष्टी आवडतात असं वाटायला लागलंय, आणि मी लोकांना फसवतेय,’ असं त्या लिहितात. त्यातच गावातल्या संगीत मंडळाने त्यांना वार्षिक मैफलीचं निवेदन करायला सांगितलंय. होकार द्यावा की खरं काय ते सांगून मोकळं व्हावं, आणि मैफलींना जाणं चालू ठेवावं की सोडावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

आधी मैफलीचं बोलू, निवेदनाकडे नंतर येऊ. तुमच्या पत्रात मैफलींबद्दल जे लिहिलंय त्यात काही गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत, आणि माझ्या मते अडचण तुमच्या कानांत कमी, या गृहीतकांत जास्त आहे.

पहिलं गृहीतक असं, की पुस्तकात वाचलेली मैफल आणि तुम्ही बसता ती मैफल या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. टेंब्यांचंच उदाहरण घ्या. ते स्वतः नामांकित पेटीवादक. भास्करबुवा बखले, अल्लादियाखाँ यांचं गाणं त्यांनी वर्षानुवर्षं जवळून ऐकलेलं. अशा माणसाने एखाद्या बैठकीबद्दल लिहिलं, की तीन-चार तासांतल्या चार-दोन जागा तो उचलतो आणि त्या पानावर ठेवतो. तानपुरे लागेपर्यंत गेलेला वेळ, पहिल्या अर्ध्या तासात न जमलेला आवाज, उतरलेला तबला पुन्हा पुन्हा ठोकून मिळवणं, मागे चाललेली कुजबुज, यातलं फारसं काही पुस्तकात येत नाही, आणि यायचं कारणही नाही. तुम्ही ते पान मनात घेऊन सभागृहात बसता आणि तुमच्या वाट्याला नेमका तो भाग येतो जो लेखकाने गाळलाय. मन भरकटेल नाही तर काय होईल? त्या लेखकाचंही भरकटत असणार. फरक एवढाच की कुठल्या क्षणी परत यायचं हे त्याला माहीत होतं. हे शिकता येतं, आणि त्याबद्दल मी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

दुसरं गृहीतक मला जास्त खटकलं. गोष्टींची आवड ही गाण्याच्या आवडीपेक्षा खालच्या दर्जाची, असं तुम्ही मानून चालला आहात. भास्करबुवा 1922 साली गेले. त्यांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. अल्लादियाखाँसाहेब 1946 पर्यंत होते, ध्वनिमुद्रणाचं तंत्र तोवर चांगलं रुळलेलं होतं, तरी त्यांचंही गाणं मुद्रित झालेलं नाही. मग आज त्यांच्या गायकीबद्दल आपण जे काही जाणतो ते येतं कुठून? एक, शिष्यांच्या गळ्यातून. भास्करबुवांचं मास्टर कृष्णरावांकडून, खाँसाहेबांचं त्यांच्या स्वतःच्या मुलांकडून आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांकडून. आणि दोन, लिहिलेल्या शब्दांतून. अल्लादियाखाँनी आपल्या आयुष्याच्या आठवणी नातवाला, अझीझुद्दीनखाँना, सांगितल्या आणि त्यांनी त्या टिपून ठेवल्या, म्हणून आज आपण त्या वाचू शकतो. ते शब्द वाचणारा, जपणारा, चार लोकांना सांगणारा माणूस गाण्याच्या जगाबाहेरचा कसा? वाचक म्हणून तुम्ही जे केलंय त्याला मोल आहे. त्याची लाज वाटून घेऊ नका.

मात्र या वाचनाचा एक त्रासही होतो, आणि तो तुमच्या पत्रात मला स्पष्ट दिसला. तुम्ही लिहिलंय की कुमार गंधर्वांचं ध्वनिमुद्रण लावलं की दर वेळी तुम्हाला त्यांचं आजारपणच आठवतं. गोष्ट आहेच तशी. क्षयाने गाठल्यावर 1948 साली ते देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस जवळजवळ निकामी, आणि तरीही पुन्हा उभे राहिले. पण ही गोष्ट डोक्यात इतकी भक्कम बसली की त्यांच्या प्रत्येक छोट्या तानेत, अचानक सोडून दिलेल्या प्रत्येक स्वरात माणूस फुप्फुस ऐकायला लागतो. तिथे त्यांनी स्वर का सोडला, बंदिशीतल्या कुठल्या शब्दावर सोडला, सोडल्यानंतरची शांतता रागाला कशी धरून होती, हे ऐकायचं राहून जातं. देवासच्या त्या वर्षांत त्यांनी माळव्यातली लोकगीतं कान देऊन ऐकली, त्यांतून नवे राग बांधले. त्यांच्या गाण्यातला विचार आजारपणाच्या आधीही होता आणि नंतरही वाढत गेला. चरित्र माहीत असणं वाईट नाही, पण गाणं चालू असताना ते शेजारच्या खोलीत ठेवता आलं पाहिजे. माझा सल्ला असा, की ज्यांच्याबद्दल तुम्ही खूप वाचलंय त्यांचं ऐकताना काही दिवस मुद्दाम वाचन बंद ठेवा. आणि ज्यांच्याबद्दल काहीच वाचलेलं नाही अशा एखाद्या तरुण गायिकेला किंवा वादकाला ऐकायला जा. तिथे तुमच्याजवळ गोष्ट नसेल, त्यामुळे कानांना काम करावंच लागेल.

आता राग ओळखण्याचं. ओळखता येत नाही म्हणून तुम्ही स्वतःला नापास करून टाकलंय, पण सभागृहातल्या बऱ्याच जणांना तो ओळखता येत नाही. दाद देणाऱ्यांतलेही कित्येकजण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्याचा आनंद व्यक्त करतात, काहीजण सवयीने मान हलवतात, आणि त्यात गैर काही नाही. शिवाय राग ओळखणं ही स्वरांची यादी जुळवण्याची परीक्षा नाही. भूप आणि देशकार या दोन रागांत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. तरी भूपात गंधाराला (ग) मान, संध्याकाळचा निवांत राग. देशकारात धैवत (ध) वरचढ, स्वरांची फिरत सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, वेळ सकाळची. ज्याने पाच स्वर मोजले त्याला दोन्ही सारखेच. ज्याने कुठे थांबलं जातं आणि कुठून उठलं जातं हे ऐकलं त्याला दोन वेगळी माणसं भेटल्यासारखं होतं. ही ओळख पाठ करून येत नाही. एकच राग पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकून येते. म्हणून महिनाभर एकच राग धरा. भूपच घ्या, सोपा म्हणून नाही, तर त्यात ऐकण्यासारखं पुष्कळ आहे म्हणून. पाच-सहा जणांचा भूप ऐका, त्यात एखादं वाद्यही असू द्या. महिनाअखेर तुम्हाला नाव सांगता आलं नाही तरी हरकत नाही, ‘हे ओळखीचं आहे’ एवढं वाटलं तरी पुष्कळ.

मैफलीत मन कुठे अडकवायचं, याचं अगदी हाताशी असलेलं साधन म्हणजे ताल. विलंबित ख्याल पुष्कळदा एकतालात असतो. मात्रा 12. ठेका असा : धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना. लय इतकी संथ असते की एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांची एक फेरी, पूर्ण व्हायला पाऊण मिनिट, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो, त्यामुळे नवख्या माणसाला ताल आहे हेच कळत नाही. पण बघा, त्या ठेक्यात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं. तिरकिटाच्या वेळी तबल्यावर बोटांची ती बारीक गडबड ऐकू येते, ती इतर मात्रांपेक्षा पटकन कानात भरते. पहिलं तिरकिट गेलं, दुसरं आलं, की पुढे दोनच मात्रा, आणि मग सम. त्या दोन मात्रांत गायक बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, उचलतो आणि समेवर येऊन पोचतो. घरी एखादं ध्वनिमुद्रण लावून हे दोन तिरकिट बोटावर पकडायचा सराव करा. काही दिवसांनी मैफलीत तुम्हाला आपोआप कळायला लागेल, की गायक आता आवर्तनाच्या मध्यात रेंगाळतोय, आता त्याला परतायची घाई आहे, आता त्याने मुद्दाम उशीर केलाय. ‘क्या बात है’ कशाला आलं हे तिथे कळतं. बसताना तबलजींचा उजवा हात दिसेल अशी जागा शोधा.

दुसरी जागा तानपुऱ्याची. कार्यक्रमाच्या आधी लोक गप्पा मारत असतात तेव्हा तानपुरे जुळवले जात असतात. तिकडे लक्ष द्या. नेहमीच्या तानपुऱ्यात पहिली तार पंचमात (प), मधल्या दोन जोडाच्या षड्जात (सा), शेवटची खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जात. पण गायक मालकंस गाणार असेल तर त्या रागात पंचमच वर्ज्य, मग पहिली तार मध्यमात (म) उतरवतात. मारवा किंवा पूरिया असेल तर ती पुष्कळदा निषादात (नी) मिळवतात. पहिल्या तारेचा स्वर बदलला की सगळं सभागृह वेगळ्या रंगाचं होतं, राग सुरू व्हायच्या आधीच. घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची ती घुमणारी झणझण, लावली जाते, तो किंचित मागेपुढे झाला की आवाज बोथट होतो किंवा उघडतो. शिष्य तो दोरा बोटाच्या टोकाने सरकवत असतात, गुरू मानेनेच ‘अजून’ म्हणतात. चरित्रांमध्ये या कामाबद्दल क्वचितच कुणी लिहितं. मिरजेतल्या सतारमेकर मंडळींनी पिढ्यान् पिढ्या हे तानपुरे घडवले, 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण त्या कारागिरांची आयुष्यं सांगणारी पुस्तकं मराठीत भरपूर असायला हवी होती तेवढी नाहीत. तुम्हाला लिहायची हौस आहे असं पत्रावरून वाटलं, म्हणून हे सांगून ठेवते.

मैफलीचं स्वरूप बदललंय, याचाही तुमच्या कंटाळ्याशी संबंध आहे. तुम्ही वाचलेल्या बैठका दिवाणखान्यात, वाड्यात, पन्नास-शंभर माणसांत झालेल्या, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चाललेल्या. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 मध्ये सुरू झाला, तोही कितीतरी वर्षं रात्र-रात्र चालायचा. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, उघड्यावरच्या ध्वनिवर्धकांना रात्री 10 नंतर बंदी आली, आणि ती रात्रीची आणि पहाटेची वेळच मोठ्या कार्यक्रमांतून गेली. मध्यरात्रीनंतरचा दरबारी किंवा पहाटेचा ललत त्याच्या स्वतःच्या वेळी ऐकायची संधी त्यामुळे फार कमी उरली. वेळ ठरलेली, एका कलाकाराला तासभर, त्यात मंचावर सत्कार. एका तासात राग उलगडायचा म्हणजे कलाकारालाही घाई, श्रोत्यालाही. तुम्ही आतापर्यंत बहुतेक अशाच मोठ्या सभांना गेला असाल. एकदा छोट्या बैठकीला जा. पंचवीस-तीस माणसं, शक्य असेल तर ध्वनिवर्धक नसलेली, जमिनीवर बसून ऐकायची. गायकाने श्वास घेतलेला ऐकू येतो, डोळ्यांनी तबलजीला केलेली खूण दिसते. आणि सकाळची मैफल मिळाली तर ती अजिबात सोडू नका. दिवाळीच्या दिवसांत पहाटेचे कार्यक्रम जागोजागी असतात, त्यात निव्वळ रागसंगीताचे निवडून घ्या. तोडी, भैरव, ललत हे राग ऐकायला आपल्याला एरवी सकाळ मिळते कुठे?

तुमच्या कपाटाचं काय करायचं, हा पत्रात न विचारलेला पण माझ्या मते खरा प्रश्न. वाचायची पद्धत थोडी बदला. एखादी आठवण वाचली आणि तिच्यात ज्या गाण्याचा उल्लेख आहे त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल, तर पुस्तक तिथेच मिटून ते ऐका. भीमसेन जोशींनी लहान वयात अब्दुल करीमखाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गाण्यासाठी घर सोडलं, हे तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल. झिंझोटी रागातली ती ठुमरी तुम्ही लक्ष देऊन किती वेळा ऐकली? रेकॉर्ड जेमतेम तीन मिनिटांची. पहिल्यांदा फक्त सूर कसा लागतो ते ऐका. मग आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला रस्ता कसा कापतो ते ऐका. मग ‘चैन’ या शब्दावर काय होतं ते ऐका. एका मुलाने घर का सोडलं याचं उत्तर त्या तीन मिनिटांत आहे, चरित्रात त्याची फक्त बातमी आहे. केसरबाईंचंही असंच. ध्वनिमुद्रणाबद्दल त्या किती काटेकोर आणि नाखूश होत्या याच्या गोष्टी भरपूर. 1977 मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांतल्या सोनेरी तबकडीवर त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे हेही सर्वांना माहीत. पण ही साडेतीन मिनिटांची भैरवी पूर्ण, दुसरं काही न करता ऐकलेले लोक मला फार थोडे भेटलेत. तुमच्यासारख्यांसाठी जुन्या रेकॉर्डी हा उत्तम अभ्यास आहे, कारण मन भरकटायच्या आत गाणं संपतं आणि पुन्हा लावता येतं.

आणि यापुढे पुस्तकं निवडताना आयुष्याच्या हकिगतींकडून थोडं प्रत्यक्ष गाण्याबद्दल बोलणाऱ्या पुस्तकांकडे सरका. बबनराव हळदणकरांचं ‘जुळू पाहणारे दोन तानपुरे’ तुमच्या कपाटात नसेल तर घ्या. ते मोगूबाई कुर्डीकरांकडेही शिकले आणि आग्रा घराण्याच्या खादीम हुसेनखाँसाहेबांकडेही, त्यामुळे जयपूर आणि आग्रा या दोन गायकींबद्दल ते आतून बोलतात, बाजू घेऊन भांडत नाहीत. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ थोडं जड जाईल, पण लय आणि सूर यांच्या प्रमाणावरून घराणी कशी वेगळी होतात हे त्यात वाचलं की मैफलीत विचारायला एक चांगला प्रश्न हाती येतो : हा गायक लयीला चिकटून चाललाय की तिच्यापासून सुटा? प्रा. देवधरांचं ‘थोर संगीतकार’ तुम्ही वाचलंच असेल. पुन्हा वाचा, या वेळी किस्से सोडून ते आवाजाचं वर्णन कसं करतात एवढंच बघत. किशोरीताई आमोणकरांचं ‘स्वरार्थरमणी’ मात्र आत्ताच हातात घेऊ नका, ते काही वर्षांनी.

शिकण्याचा पर्याय तुम्ही पत्रात एका ओळीत उडवून लावलाय, ‘या वयात काय’ म्हणून. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या आत्मकथनातला भाग आठवा. नाव होऊ लागलेलं, रेकॉर्डी निघालेल्या, आणि तरीही ते अल्लादियाखाँचे चिरंजीव मंजीखाँसाहेब यांच्यासमोर नव्याने विद्यार्थी म्हणून बसले. तुम्हाला गायिका व्हायचं नाहीये. आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी जाऊन सहा-आठ महिने तानपुऱ्यावर षड्ज लावायला शिका, एखाद्या रागातली सरगम आणि एक छोटा ख्याल शिका. आवाज चांगला असण्याची गरज नाही. स्वतःच्या गळ्यातून एकदा गंधार लावायचा प्रयत्न केला, आणि तो खाली राहिला हे स्वतःला ऐकू आलं, की समोरचा माणूस किती अलगद तिथे पोचतो हे अंगाला कळतं. घरात गाणं नसलेल्या माणसाला हा सर्वात जवळचा रस्ता आहे. शिक्षक निवडताना परीक्षांची तयारी करून घेणाऱ्यापेक्षा शेजारी बसवून गाणारा शोधा.

हे सगळं करूनही विलंबित ख्याल तुम्हाला भावला नाही, असंही होऊ शकतं. तेही मान्य करायची तयारी ठेवा. मग ठुमरी-दादरा ऐका, नाट्यसंगीत ऐका, सतार किंवा बासरी ऐका, एखाद्या चांगल्या तबलावादकाचा एकल कार्यक्रम ऐका. ख्यालाशी जमलं नाही म्हणजे संगीताशी फारकत झाली असं नाही. आणि शेवटी तुम्ही फक्त वाचक राहिलात तरी कुणाचं काही बिघडत नाही. मैफलीला जाणं हे कर्तव्य म्हणून कधीच करू नका. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर इतक्यात सोडू नका. ज्या बाईला भास्करबुवांबद्दल वाचून रात्रीची झोप उडते, असं तुम्हीच लिहिलंय, तिला गाणं आवडत नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

आता निवेदन. होकार द्या. जाणकार म्हणून मात्र देऊ नका, मंडळाच्या अध्यक्षांना सरळ सांगा : ‘मला रागाचं शास्त्र येत नाही, कलाकारांबद्दलचं वाचन आहे, तेवढ्यावर चालणार असेल तर करते.’ त्यांना चालेल. चांगल्या निवेदकाकडून श्रोत्यांची आणि कलाकाराची अपेक्षा फार साधी असते, आणि ती नेमकी मोडणारेच जास्त भेटतात. पाच-सात मिनिटं बोलून, अलंकारिक वाक्यांची रांग लावून, ‘आता आपण स्वरांच्या सागरात डुंबणार आहोत’ असं सांगून निवेदक बाजूला होतो तेव्हा मंचावर तापवून आणलेला आवाज थंड झालेला असतो. तुमचं बोलणं दोन मिनिटांच्या आत ठेवा. श्रोत्यांना काय वाटणार आहे हे आधी सांगू नका.

साथीदारांची नावं आधी लिहून घ्या आणि उच्चार त्यांनाच विचारा. तबला, पेटी, आणि तानपुऱ्यावर बसलेले शिष्यसुद्धा. तानपुऱ्यावरच्या मुलामुलींची नावं राहून जातात, आणि ती घरी आई-वडिलांना काय सांगणार याचा कुणी विचार करत नाही. राग आधी जाहीर करायचा का, हे कलाकाराला विचारा. काहींना आवडतं, काहींना श्रोत्यांनी स्वतः शोधावा असं वाटतं, काहीजण मंचावर बसल्यावर मन बदलतात, म्हणून लिहून आणलेलं नाव आयत्या वेळी पुन्हा विचारून घ्या. ताल आणि बंदिशीचे शब्द मिळाले तर ते सांगा, नवख्या श्रोत्यांना त्याचा खरा उपयोग होतो.

किस्से सांगायचा मोह तुम्हाला होणार, आणि इथे तुमची खरी परीक्षा आहे. एकच सांगा, आणि तो असा निवडा की ऐकणाऱ्याला गाण्यात काहीतरी जास्त ऐकू येईल. समजा कलाकार जयपूर घराण्याची गायिका आहे. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज गेला आणि नंतर आलेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी नव्याने घडवली, ही गोष्ट दोन-तीन वाक्यांत सांगितली तर पुढच्या तासाभरातल्या वळणदार ताना श्रोत्यांना वेगळ्या ऐकू येतील. पण कोणी कोणाचा पाणउतारा केला, कोणी कोणाला शिकवायला नकार दिला, अशा गोष्टी मंचावर आणू नका. एका घराण्यात सांगितला जाणारा किस्सा दुसऱ्या घराण्यात नेमका उलटा सांगितला जातो हे तुम्ही वाचलंय. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी जाहीर वादन का थांबवलं याबद्दल त्यांचे एकेकाळचे पती पंडित रविशंकर यांनी ‘राग माला’ या आत्मचरित्रात आपली बाजू मांडली, शिष्यांनी आणि चरित्रकारांनी दुसरी. दोन्ही वाचलेल्या माणसाने ध्वनिवर्धकासमोर उभं राहून निकाल देऊ नये. मृत माणसाला उत्तर देता येत नाही, आणि सभागृहात त्याचे शिष्य बसलेले असू शकतात. जी गोष्ट दोन वेगळ्या ठिकाणी वाचलेली नाही ती सांगायचीच असेल तर ‘असं सांगतात’ म्हणून सांगा.

आणि निवेदन झालं की मंचामागे थांबू नका, पुढे येऊन प्रेक्षकांत बसा. त्या दिवशी तुम्हाला राग, ताल, बंदिश सगळं आधीच माहीत असेल. नवख्या कानाला इतकी तयारी करून मैफल ऐकायला क्वचितच मिळते. कलाकाराशी बोलणं कार्यक्रमाच्या दिवशी घाईत होत नाही, तेव्हा मंडळाला होकार कळवतानाच सांगा की फोन नंबर निदान आठवडाभर आधी लागेल, आणि पहिला फोन तबलजींना लावा. कार्यक्रमाचा क्रम पुष्कळदा त्यांना गायकाइतकाच नीट ठाऊक असतो.